सोलापूरच्या घरांची जमीन : निवड आणि निगा

घर बांधणारा मनुष्य पाया, भिंती, छप्पर आणि दारेखिडक्या यांचा विचार ज्या क्रमाने करतो, त्या क्रमात जमिनीचा विचार बहुधा अखेरीस येतो. आणि तो येतो तेव्हा हातची रक्कम संपत आलेली, गवंडी पुढच्या कामाच्या घाईत असलेला आणि घरची मंडळी वास्तुशांतीचा मुहूर्त धरून बसलेली, अशी स्थिती असते. परिणामी ज्या वस्तूशी कुटुंबातील प्रत्येक माणसाचा पुढील तीस-चाळीस वर्षे रात्रंदिवस संबंध येणार, ती वस्तू दुकानात उभ्या करून मांडलेल्या नमुन्यांतून, दिव्यांच्या प्रकाशात, अर्ध्या तासात पसंत केली जाते. वास्तविक आमच्या घरांत जमीन केवळ चालण्यापुरती नसते. तिच्यावर आम्ही पंगतीला बसतो, धान्य निवडतो, कुरडया-पापड्यांचा घाट घालतो, रांगते मूल सोडतो, उन्हाळ्यात अंथरूण बाजूला सारून निजतो. आणि सोलापुरात तर हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन, भिजवलेल्या तेंदूपानांचा गठ्ठा शेजारी ठेवून, दिवसाचे दिवस तिच्यावरच बसून विड्या वळतात. तेव्हा जमिनीची परीक्षा डोळ्यांनी करण्याआधी पायांनी, पाठीने आणि ती रोज पुसणाऱ्या हातांनी केली पाहिजे, हा या लेखाचा मुख्य आशय आहे.

ही परीक्षा सर्वत्र सारखी असू शकत नाही. सोलापूरपुरते बोलावयाचे तर तीन गोष्टी प्रथमच ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट येथील उन्हाळा, ज्यात पारा चाळीस अंशांच्या वर आठवडेच्या आठवडे राहतो आणि हवेत ओलावा नावालाही उरत नाही. दुसरी, शहराच्या पुष्कळ भागांत व भोवतालच्या सर्व मुलखात पसरलेली काळी चिकण जमीन, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. तिसरी म्हणजे पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या, आणि विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असणाऱ्या या शहरात जी फरशी स्वच्छ ठेवण्यासाठी रोज दोन बादल्या ओताव्या लागतात, ती कितीही देखणी असली तरी घरच्या बाईवर लादलेला एक कायमचा कर ठरते.

या परिस्थितीला लोकांनी दिलेले सर्वांत जुने उत्तर मातीच्या जमिनीचे. जुन्या महसुली व्यवहारात गावच्या शिवाराचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानीत. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. घराच्या जमिनीसाठी माती आणावयाची ती पांढरीचीच, कारण काळीच्या अंगी असलेला फुगण्या-आकसण्याचा दोष तिच्यात नसतो. माळवदाच्या घरांत, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर असलेल्या आपल्या भागातील जुन्या घरांत, जोत्याच्या आत दगडगोट्यांचा भराव करून त्यावर मुरूम व पांढरी माती पसरीत. पाणी शिंपडून धुम्मसाने ती ठोकीत. अर्धवट सुकू लागली की लाकडी चोपण्याने पुन्हा पुन्हा चोपीत, आणि सुकताना पडलेली प्रत्येक भेग ओली करून परत चोपून बुजवीत. हे काम चार-सहा दिवस चाले आणि घाई केली की बिघडे. त्यावर सारवण. शेण आणि माती यांचा पातळ काला करून, घराच्या आतल्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरत, पंजाच्या एका लयबद्ध फेऱ्याने बाई सारवीत येई आणि तिच्यामागे ओल्या अर्धवर्तुळांची एकावर एक चढलेली रांग उमटत जाई. शेणातले गवताचे सूक्ष्म तंतू मातीला बांधून धरतात व तिला तडे जाऊ देत नाहीत, हे त्या सारवणाचे खरे रहस्य.

येथल्या विणकरांच्या घरांत तर ही जमीन हत्यारांपैकीच एक होती. खड्डामागावर बसणारा विणकर पाय जमिनीतील खड्ड्यात सोडून, जमिनीच्याच काठावर बैठक करून पावड्या चालवी. १८७७ साली सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे नरसिंगगिरजी व लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांचा विस्तार झाला, तरी शहराच्या पूर्वभागातील घरोघरच्या मागांमुळे राहण्याची जागा आणि कामाची जागा यांत भिंत अशी फारशी उभी राहिली नाही. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली तेव्हा मातीच्या जमिनीचा टिकाव लागणे अशक्य झाले, कारण मागाचे हादरे आणि त्यातून गळणारे वंगण ही दोन्ही तिला सोसत नाहीत.

मातीच्या जमिनीविषयी आपल्या लिखाणात हळवेपणा पुष्कळ आढळतो, आणि तिचा गारवा, मऊपणा व अल्प खर्च हे गुण मलाही मान्य आहेत. परंतु तिची सगळी किंमत कोणाच्या मेहनतीने चुकती होत होती, हेही सांगितले पाहिजे. दर आठवड्याला सारवण, सणावाराला सबंध घराचे सारवण, पावसाळ्यात पोपडे, कोपऱ्यांत उंदरांची बिळे आणि उघड्या मातीतून लहान मुलांच्या पोटात जाणारे जंत, हा त्या जमिनीचा दुसरा हिशेब आहे. मेक्सिको देशातील कोआविला प्रांतात २००० सालापासून गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनींवर सरकारी खर्चाने सिमेंट घालण्याची योजना राबवली गेली, आणि पुढे झालेल्या अभ्यासात त्या घरांतील मुलांमध्ये कृमींचा उपद्रव, अतिसार व रक्तक्षय हे तिन्ही लक्षणीय प्रमाणात घटल्याचे दिसून आले. आपल्याकडील खेड्यांतही घरकुलाच्या योजनेत भिंतींइतकीच जमिनीची तजवीज व्हावी, असे वाटण्यास एवढा दाखला पुरेसा आहे.

मातीनंतरचे उत्तर सोलापूरला आगगाडीने आणून दिले. आपले शहर ज्या खडकावर वसले आहे तो दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. तो अभेद्य आणि टिकाऊ खरा, पण त्याला थर नाहीत, त्यामुळे त्याची पातळ फरशी निघत नाही. घडवून घेतली तर चिरा मिळतो. तो देवळाच्या, किल्ल्याच्या व घाटाच्या कामाचा, सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरचा. पण हाच काळा पाषाण आग्नेयेकडे कलबुर्गीच्या पलीकडे संपत जातो आणि भीमा व कागिणा यांच्या खोऱ्यात त्याच्या खालचा अतिप्राचीन चुनखडीचा खडक उघडा पडतो. समुद्राच्या तळाशी गाळाचे थरावर थर साचून बनलेला हा खडक थरांच्या जोडावर पाचर ठोकली की सपाट लाद्यांच्या रूपाने सुटतो. तीच शहाबादची फरशी. सोलापूरहून पुढे जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत पोहोचला, त्याच मार्गावर शहाबाद आहे. त्यामुळे निजामाच्या मुलखातील हा दगड आमच्या पेठांत स्वस्तात उतरू लागला, आणि पाहता पाहता वाड्यांची ओसरी, चाळींच्या खोल्या, शाळा, धर्मशाळा, दवाखाने, गिरण्यांच्या वखारी या साऱ्यांची जमीन राखी-निळसर झाली. पुण्यामुंबईच्या लोकांना शहाबादी फरशी ही स्वस्तातली वस्तू म्हणून ठाऊक आहे. आम्हांला ती शेजारची वस्तू म्हणून ठाऊक आहे, आणि तिच्या गुणदोषांची आमची ओळख त्यामुळे अधिक जुनी आहे.

तिचा पहिला गुण थंडपणा. तळमजल्यावरील घरात या फरशीखाली भराव व त्याखाली धरणी असते, आणि जमिनीच्या काही फूट खाली वर्षभरात तापमानाचा चढउतार अल्पच होत असल्यामुळे, भर मे महिन्यात दुपारी हवा तापलेली असतानाही फरशी अंगाची उष्णता ओढून घेत राहते. संध्याकाळी तिच्यावर पाण्याचा हलका शिडकावा केला की तिच्या खरबरीत पृष्ठावर व दरजांत राहिलेले पाणी कोरड्या हवेत झपाट्याने उडते आणि आणखी गारवा देते. गुळगुळीत, पाणी न पिणाऱ्या आधुनिक फरशीवर तेच पाणी डबक्यासारखे साचते व पाय घसरण्यास निमित्त होते. दुसरा गुण असा की घासण्याचे यंत्र न लावलेल्या शहाबादवर ओल्या पायांनीही माणूस घसरत नाही. वृद्ध माणसे असलेल्या घरात ही गोष्ट सौंदर्याच्या सर्व विचारांहून वरचढ मानावी. तिसरा, की ती वापराने बिघडत नाही. उंबऱ्याजवळ, देवघरासमोर आणि चुलीपाशी वर्षानुवर्षांच्या पावलांनी ती आपोआप तुकतुकीत होत जाते.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. हा दगड चुनखडीचा असल्याने आम्लाचा त्याला स्पर्श सोसत नाही. लिंबाची फोड त्यावर घटकाभर पालथी राहिली तर उचलल्यावर तिच्या आकाराचा फिकट, खडबडीत डाग दिसतो. तो डाग वरून लागलेला नसून तेवढा दगडच विरघळलेला असतो, म्हणून कोणत्याही साबणाने तो निघत नाही. चिंचेचा कोळ, ताक, दही, शिरका यांचेही तेच. तेलाचे डाग दगडाच्या पोटात शिरतात. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटण्याची आमच्या घरांतील रीत लक्षात घेता, स्वयंपाकघरात उखळाभोवती जो काळसर तेलकट वेढा पडतो तो याचाच. शिवाय लाद्यांची जाडी सारखी नसते. एक इंचापासून दीड इंचापर्यंत ती कमीअधिक भरते. म्हणून लादी बसवणाऱ्याला प्रत्येक लादीखालचा मसाला वेगळा जमवावा लागतो. येथेच गवंड्याची परीक्षा होते. मसाल्याचे चार गोळे कोपऱ्यांखाली ठेवून मधली जागा पोकळ सोडली तर काम झटपट उरकते व वरून दिसतही नाही. परंतु त्या पोकळीत मुंग्या घर करतात, वरून जाते आदळले की लादी मधोमध फुटते आणि दरजांतून पाणी खाली उतरून भराव बसू लागतो. सबंध लादी मसाल्यात बसवून, लाकडी हातोडीने ठोकून, पाणसाळीने ढाळ पाहून, दरजा खोलवर साफ करून मग भराव्यात. काम उरकल्यावर हातात काठी घेऊन एकेका लादीवर ठोकीत घरभर हिंडावे. जेथे बद्द आवाजाऐवजी पोकळ आवाज येईल तेथे खडूची खूण करावी, आणि त्या खुणा पुसल्या जाईपर्यंत हिशेब चुकता करू नये.

त्याच भीमेच्या खोऱ्यातील पलीकडच्या टोकाचा तांदूरचा दगड निळसर व पिवळसर अशा दोन्ही छटांत मिळतो. राजस्थानातील कोट्याचा दगड अधिक घट्ट कणांचा असून जिन्यासाठी व व्हरांड्यासाठी उत्तम. आंध्रातील काळा कडप्पा ओट्यासाठी व फळ्यांसाठी वापरण्याचा आपल्याकडील प्रघात योग्यच आहे. ही सारी चुनखडीचीच भावंडे, त्यामुळे आम्लाचे पथ्य सर्वांना सारखे.

आता कोबा. सिमेंट येण्यापूर्वी काळ्या रानातील चुनखडीचे खडे भाजून, तो चुना बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर मळून, त्यात विटांची भुकटी मिसळून घातलेला चुन्याचा कोबा वाड्यांतून असे. पुढे त्याची जागा सिमेंटच्या कोब्याने घेतली, आणि त्यात तांबडा रंग मिसळून घोटलेली लाल जमीन ही एके काळी मध्यम वर्गाच्या घरांची शोभा होती. हा प्रकार आज मागे पडला आहे तो त्याच्या दोषामुळे पडला नसून घोटणारे हात उरले नाहीत म्हणून पडला. कोबा सलग घातला की त्याला तडा जाणारच. म्हणून चार-चार फुटांचे चौकोन पाडून, मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या करून, एक सोडून एक चौकोन भरावा, आणि निदान आठ दिवस त्यावर पाणी धरून ठेवावे. आमच्या हवेत हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. एप्रिल-मे महिन्यांत घातलेला कोबा दुपारच्या वाऱ्याने दोन तासांत कोरडा पडतो व त्याच्या अंगावर जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात. तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढावे हे बरे.

मोझॅकची फरशी कोब्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती होय. संगमरवराचे खडे सिमेंटमध्ये मिसळून यंत्राच्या दाबाखाली घडवलेली ही फरशी बसवल्यानंतर घासली जाते. मुंबईत १९२२ साली सिधवा बंधूंनी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या प्रेरणेने काढली, तेव्हा विलायतेतून येणाऱ्या मिंटनच्या फरश्यांशी तिची स्पर्धा होती, आणि एतद्देशीय सिमेंटची फरशी त्या स्पर्धेत उतरू शकते हे तिने सिद्ध करून दाखवले. सोलापुरात सरकारी वसाहतींत, बँकांत व बंगल्यांत मोझॅक साधारण पन्नास वर्षे नांदला. त्याचा मोठा गुण म्हणजे तो पुन्हा तरुण करता येतो. फरशीच्या वरच्या थराची जाडी पाच-सहा मिलिमीटर असते, आणि घासण्याचे यंत्र प्रत्येक वेळी त्यातील अगदी थोडा अंश घेते. म्हणून चाळीस वर्षांची मळलेली मोझॅक जमीनही जाड, मध्यम व बारीक दगडांनी क्रमाने घासून घेतली की पहिल्यासारखी होते. जिच्या घरात अशी जमीन शाबूत आहे तिने ती फोडून नवी घालण्यापूर्वी एका कोपऱ्यात घासून पाहण्याचा खर्च अवश्य करावा.

येथवर पृष्ठभागाचा विचार झाला. परंतु सोलापुरातील जमिनींच्या तक्रारी बहुतेक पृष्ठभागाच्या नसतातच. नव्या वसाहती, विशेषतः जुळे सोलापूर व शहराच्या सर्व बाजूंना वाढलेल्या उपनगरांतील घरे, पूर्वी शेतजमिनी असलेल्या काळीवर उभी आहेत. भिंतींचा पाया खोल खणून मुरुमापर्यंत नेला जातो, कारण तसे न केल्यास भिंत तडकते हे सर्वांना ठाऊक असते. पण भिंतींच्या मधली जमीन मात्र खणलेल्या त्याच काळ्या मातीने भरली जाते, कारण ती तेथेच पडलेली असते आणि ती उचलून नेण्याचा खर्च वाचतो. मग पावसाळ्यात पाणी जोत्याखालून आत झिरपते, माती फुगते, खोलीच्या मध्यभागी फरशी वर उचलली जाते. उन्हाळ्यात माती आकसते, फरशीखाली पोकळी होते आणि भिंतीलगत बोटभर फट दिसू लागते. अशा जमिनीवर शहाबाद घाला, संगमरवर घाला किंवा सर्वांत महाग विलायती फरशी घाला, फळ एकच. उपाय जुना आणि निश्चित आहे : जोत्यातील काळी माती संपूर्ण काढून टाकावी, मुरूम आणून सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुम्मसाने किंवा यंत्राने ठोकावा, त्यावर दगडांचे सोलिंग, आणि सोलिंगवर चार इंचांचा साधा काँक्रीटचा थर देऊन मगच फरशीचा विचार करावा. घराच्या बाहेरून सभोवार तीन फुटांचा पक्का ओटा बाहेरच्या बाजूस ढाळ देऊन घातला तर पावसाचे पाणी पायाशी मुरत नाही. या कामावर खर्च होणारा पैसा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो देताना हात आखडतो. पण फरशीच्या दरात चौरस फुटामागे काही रुपये कमी करून ती रक्कम भरावाकडे वळवावी, हा सल्ला मी कोणाही घर बांधणाऱ्याला निःशंकपणे देईन.

संगमरवर व ग्रॅनाइट यांविषयी थोडक्यात सांगता येईल. मकराण्याचा संगमरवर ही श्रेष्ठ वस्तू आहे, परंतु तोही चुनखडीच्याच कुळातला. हळद, कुंकू, लिंबू व जड पाणी यांच्या रोजच्या वावरात तो पिवळा पडतो. देवघरापुरता तो शोभून दिसतो. ग्रॅनाइटची गोष्ट निराळी. त्यात गारगोटीसारखी कठीण खनिजे असल्याने त्यावर सुरीचा ओरखडाही उठत नाही व घरगुती आम्लाचा परिणाम होत नाही. इलकलचा तांबूस ग्रॅनाइट आपल्या जवळच निघतो. ओटा, उंबरा, जिन्याच्या पायऱ्या व खिडक्यांच्या चौकटी यांसाठी तो घ्यावा. सबंध घरभर मात्र त्याची चकाकी डोळ्यांना आणि ओल्या पायांना त्रासदायक होते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या साऱ्यांना बाजूस सारून जी वस्तू घराघरांत शिरली ती गुजरातेतील मोरबी येथील कारखान्यांतून येणारी टाइल. तिच्यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. साधी सिरॅमिक फरशी मातीची भाजलेली असून तिच्यावर काचेसारखा लुकण असतो. लुकण झिजला की खालचा तांबडा किंवा पांढरा गाभा उघडा पडतो. व्हिट्रिफाइड फरशी मात्र माती, फेल्डस्पार व गारेची पूड प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे बाराशे अंशांवर भाजलेली, जवळजवळ काचेप्रमाणे घट्ट असते. मानकाप्रमाणे ती आपल्या वजनाच्या अर्धा टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाही. पण व्हिट्रिफाइडमध्येही काहींचा रंग तीन-चार मिलिमीटर खोल असतो व काहींवर केवळ छापील नक्षीचा लुकण असतो. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे व फरशीची कड उजेडात धरून पाहावी. लुकणाच्या फरशीसाठी झिजेचे एक ते पाच असे वर्ग ठरलेले आहेत. घरासाठी तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गाची फरशी मागावी.

या फरशीचा गुण म्हणजे डाग न धरणे व थोड्या पाण्यात पुसली जाणे, आणि आमच्या शहरात हा गुण लहान नाही. भाड्याच्या घरांत, वरच्या मजल्यावरील सदनिकांत, जेथे भराव नसून खाली स्लॅब असतो व म्हणून धरणीचा गारवा मिळण्याचा प्रश्नच नसतो, तेथे तिची निवड सयुक्तिक आहे. तंबाखूची धूळ रोज झाडून काढावी लागणाऱ्या विडी कामगारांच्या घरांतही तिच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र तिच्या न शोषण्याच्या गुणातूनच तिचा दोष उपजतो. ती सिमेंटचे पाणी पीत नसल्यामुळे नेहमीच्या सिमेंटच्या रबडीशी तिची पकड कच्ची बसते. गवंडी दोन फरश्यांमध्ये फट न ठेवता त्या एकमेकींना भिडवून बसवतो, कारण घरमालकाला सांधा दिसलेला आवडत नाही. आणि मग दिवसाच्या उष्णतेने प्रसरण पावलेल्या फरशीला जागा न मिळाल्याने एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन ओळच्या ओळ तंबूसारखी वर उचलली जाते. यावर उपाय दोन : खास चिकटमसाला सबंध पाठीवर पसरून फरशी बसवावी, आणि दोन फरश्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून ती नीट भरावी. स्वयंपाकघरात ही फट इपॉक्सीने भरल्यास हळदीचे डाग सांध्यांत मुरत नाहीत. न्हाणीघर, मोरी व अंगण येथे चकचकीत फरशी कदापि घालू नये. नमुना पसंत करताना दुकानातच त्यावर तांब्याभर पाणी ओतावे, चपला काढाव्यात आणि अनवाणी उभे राहून पाहावे. जो दुकानदार याला हरकत घेईल त्याच्याकडून फरशी न घेणे शहाणपणाचे.

लाकडी व लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेट जमिनी थंड प्रदेशांत माणसाच्या पायांना ऊब देण्यासाठी निघाल्या. कोरडा उन्हाळा, पावसाळ्यातील ओल व काळ्या जमिनीतून चढणारी वाळवी असलेल्या मुलखात त्यांचे प्रयोजन मला दिसत नाही.

निगेबद्दल लिहिताना प्रथम एका बाटलीचा निषेध केला पाहिजे. फरशी बसवून झाली की सिमेंटचे डाग काढण्यासाठी गवंडी जे अॅसिड आणून ओततात, तेच पुढे घराच्या न्हाणीघरात कायमचे मुक्कामाला राहते आणि दर सणाला फरशीवर पडते. शहाबाद, कोटा, कडप्पा, संगमरवर, मोझॅक, कोबा या सर्वांना ते खाते. व्हिट्रिफाइड फरशीला ते खात नसले तरी तिच्या सांध्यांतील सिमेंट पोखरते, आणि बंद मोरीत त्याची वाफ माणसाच्या छातीला अपाय करते. दगडाची जमीन सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी. तेलाचा ताजा डाग पडला तर आधी पुसून घेऊन त्यावर खडूची भुकटी पाण्यात कालवून जाडसर लेप द्यावा, रात्रभर वाळू द्यावा व सकाळी खरवडावा; डाग जुना असल्यास दोन-तीन वेळा हेच करावे लागते. हळदीचा डाग उन्हाने उडतो, म्हणून खिडकीलगतच्या जमिनीवरील हळदीची चिंता करू नये. व्हिट्रिफाइड फरशीवर जड पाण्याने पडणारा पांढुरका थर हा फरशीचा दोष नसून वाळलेल्या पाण्याचा अवशेष असतो. ओल्या फडक्यामागोमाग कोरडे फडके फिरवण्याची सवय लावली तर तो साचतच नाही. भिंतीच्या तळाशी व फरशीच्या दरजांत पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागली तर तो लोणा होय. जमिनीतील क्षार ओलीबरोबर वर चढल्याचे ते चिन्ह आहे. तो धुतल्याने पुन्हा विरघळून आत जातो. कोरड्या कुंच्याने झाडून काढावा व ओल कोठून येते याचा शोध घ्यावा. झाडणे हे पुसण्याच्या आधी, आणि नीट झाले पाहिजे. बाहेरून आलेली वाळू फडक्याखाली सापडली की तीच फरशी घासून निस्तेज करते. उंबऱ्याबाहेर एक खरबरीत पायपुसणे ठेवणे हा सर्वांत स्वस्त असा फरशीचा विमा आहे.

जुन्या घरांच्या दुरुस्तीचा प्रश्न वेगळा विचार मागतो. आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरास, विठ्ठलमंदिराच्या जतनाचे काम २०२४ साली झाले तेव्हा मागाहून बसवलेल्या फरश्या काढून मूळचा काळा पाषाण पुन्हा उघडा करण्यात आला, आणि दर्शनाला येणाऱ्यांना त्या मंदिराचे जुने रूप पाहावयास मिळाले. घरांच्या बाबतीत मात्र याच्या नेमके उलट चालले आहे. जुन्या पेठांतील व चाळींतील शहाबादवर नवी टाइल चिकटवण्याचा सपाटा सुरू आहे. त्यामुळे जमीन दीड-दोन इंच वर येते, दारे खालून कापावी लागतात, मोरीचा ढाळ उलटा होऊन पाणी खोलीत येते आणि खालच्या हलत्या लाद्यांच्या पाठीवर वरची टाइलही हलू लागते. नवीच जमीन घालावयाची असेल तर जुनी उचलून, भराव तपासून, काळी निघाली तर ती बदलून मग घालावी. उचललेल्या लाद्या भंगारात देऊ नयेत. अंगणात, गच्चीवर, गोठ्यात किंवा घराभोवतालच्या ओट्यासाठी त्या आणखी एक पिढी चालतात. आणि जुनी जमीन केवळ मळली म्हणून नकोशी झाली असेल, तर दरजा कोरून नव्याने भरणे, पोकळ वाजणाऱ्या तेवढ्याच लाद्या उचलून परत बसवणे व एकदा यंत्राने हलके घासून घेणे, एवढ्यावर बहुधा काम भागते. नवी टाइल घालणाऱ्यांनी दहा-बारा नग जास्त घेऊन माळ्यावर ठेवावेत आणि खोक्यावरील छटेचा व तुकडीचा क्रमांक घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवावा. चार वर्षांनी एक फरशी फुटली तर त्याच नावाची फरशी बाजारात मिळेल, पण त्याच छटेची मिळण्याची खात्री नसते.